करून पाहू या : पेल्यात पाणी कुणी चढवलं?

बालदोस्तांनो, मागच्या वेळी आपण पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवून तो उलटा केला होता. ज्यांचं पाणी सांडलं नाही त्यांना शाबासकी. ज्यांचं सांडलं त्यांनी फरशी पुसून घेतली असेलच! आज जो प्रयोग सांगणार आहे, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. विज्ञान प्रदर्शनात कुठल्या ना कुठल्या टेबलावर तो असतोच. मीही तो माझ्या वर्गात सलग सात वर्षं करून दाखवला. प्रयोग दर वर्षी अगदी बरोबर झाला. चुकत होते ती मी! ते कसं, हे सांगायचं तर आधी प्रयोग करायला हवा.

एक खोलगट ताटली घ्या. तिच्यात दोन बोटं पाणी ओता आणि पाणी नीट दिसावं म्हणून त्यात निळीचे दोन थेंब टाका. ताटलीच्या मधोमध जाडशी मेणबत्ती तिच्याच वितळलेल्या मेणावर घट्ट उभी करा. (हे पाणी ओतण्याआधी करायचं. आमच्या वर्गात हे दर वेळी कुणीतरी विसरतं.) आता घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बोलवा. मोठं माणूस शेजारी नसेल तर काडी ओढायची नाही, वेण्या आणि ओढण्या मागे, हे आपल्या सदराचे नियम तुम्हाला पाठ आहेतच. मेणबत्ती पेटवा आणि काचेचा उंच पेला तिच्यावर हळूच उपडा ठेवा.

काय झालं? ज्योत थोडा वेळ जळली, बारीक झाली, विझली. आणि ताटलीतलं निळं पाणी सरसर पेल्यात चढलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते. माझ्या वर्गात दर वर्षी या क्षणी टाळ्या पडतात.

टाळ्या थांबल्या की मी फळ्याकडे वळायची आणि लिहायची : ‘जळण्यासाठी ऑक्सिजन लागतो. मेणबत्तीने पेल्यातला ऑक्सिजन वापरला. त्याची जागा पाण्याने घेतली. पाणी सुमारे एक पंचमांश चढले, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो.’ वाक्यं कशी टापटीप आहेत बघा. माझ्या डी.एड.च्या वहीतही ती अशीच होती. मुलं ती उतरवून घ्यायची, मी सही करायची, की धडा संपला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्ही हाच प्रयोग न्यायचं ठरवलं होतं. तक्ता रंगवून तयार होता. वर मोठ्या लाल अक्षरांत ‘हवेतील ऑक्सिजन’ आणि खाली पाच खणांचा पेला, त्यातला एक खण निळा. प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. रंगीत तालीम चालू होती आणि चौथीतली एक मुलगी अगदी ताटलीला नाक लावून बसली होती. (तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही.) प्रयोग झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिने नाही वाजवल्या. म्हणाली,

“बाई, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी का नाही चढलं?”

मी म्हटलं, “चढलं की गं. बघ ना किती चढलंय.”

“नाही बाई. विझल्यावर चढलं. ऑक्सिजन जळताना संपतो ना? मग जळतानाच चढायला पाहिजे. हळूहळू.”

खरं सांगते मुलांनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की मोठी माणसं जे करतात तेच मी केलं. “आता मध्ये बोलू नकोस, तालीम होऊ दे,” असं म्हणून तिला गप्प केलं. ती गप्प बसली. पण संध्याकाळी घरी भाजी चिरताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. शेवटी विळी बाजूला ठेवली आणि ओट्यावरच ताटली मांडली.

पहिल्यांदा मी फक्त बघितलं. सात वर्षांत मी कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण काय होणार ते मला ‘माहीत’ होतं! मुलगी बरोबर होती. ज्योत चांगली जळत असताना पाणी जवळपास जागच्या जागी होतं. ज्योत मंदावली, विझली, आणि मग ते चढलं. आणखी एक गोष्ट दिसली. पेला ठेवताना त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर येत होते. म्हणजे पाणी आत यायच्या आधी हवाच बाहेर पडत होती!

मग मी एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. मेणबत्तीने ऑक्सिजन खाल्ला म्हणून पाणी चढत असेल, तर ते तीन मेणबत्त्यांनीही तेवढंच चढायला हवं. पण ते कितीतरी जास्त चढलं. एका पेल्यात ऑक्सिजन एकदा एक पंचमांश आणि एकदा त्याहून भलताच जास्त, असं कसं असेल? माझा लाल अक्षरांचा तक्ता तिथेच फाटल्यासारखा वाटला.

मग पाणी चढवलं कुणी? आता नीट लक्ष द्या.

ज्योतीच्या वरची आणि भोवतालची हवा खूप तापते. तापलेली हवा फुगते, तिला जास्त जागा लागते. पेला ज्योतीवर उतरवताना आत ही फुगलेली हवाच कोंडली जाते, आणि जी मावत नाही ती बुडबुड्यांच्या वाटेने बाहेर निघते. ज्योत विझली की आतली हवा भराभर थंड होते आणि आकसते. आता आत हवा आहे थोडी आणि तीही आकसलेली, त्यामुळे तिचा दाब कमी पडतो. बाहेरची हवा मात्र ताटलीतल्या पाण्यावर पहिल्याइतक्याच जोराने दाब देते आहे. तीच पाण्याला पेल्यात ढकलते. म्हणजे पाण्याला आतून कुणी ओढत नाही, त्याला बाहेरून रेटा मिळतो.

बाहेरच्या हवेचा हा रेटा किती असतो? दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो वजनाएवढा. मागच्या वेळचं अख्खं पोस्टकार्ड घेतलं तर त्याच्या एका बाजूवर सव्वाशे किलोच्या आसपास भार होतो. तरी ते चुरगळत नाही, कारण दुसऱ्या बाजूनेही हवा तेवढाच दाब देते. १६५०च्या दशकात जर्मनीत माग्डेबुर्ग शहराचा महापौर ओटो फॉन गेरिके याने तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना लावले आणि आतली हवा पंपाने काढून घेतली. मग दोन्ही बाजूंना घोडे जुंपले तरी ते सहजासहजी सुटेनात. गोलांना ना डिंक लावला होता ना खिळे मारले होते. बाहेरच्या हवेने ते दाबून धरले होते.

तुमच्या घरातही हे रोज घडतं. आई सकाळी वाफाळती भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावते आणि मधल्या सुट्टीत ते झाकण काही केल्या निघत नाही! आतली हवा थंड होऊन आकसली, आतली वाफ पाणी होऊन बसली, आणि बाहेरची हवा झाकणावर दाबून बसली. पूर्वी काही घरांत पोट दुखलं की आजी पोटावर पेटती पणती ठेवून तिच्यावर तांब्या पालथा घालायची, तो पोटाला घट्ट चिकटायचा. पोटदुखी थांबायची की नाही ते आजीलाच ठाऊक, पण तांब्या चिकटण्याचं कारण हेच. (हे मात्र कुणीही करून पाहायचं नाही. कातडी भाजते.)

आता तुम्ही विचाराल, “बाई, हे तरी खरं कशावरून? आधी एक कारण सांगितलं, आता दुसरं सांगताय.” विचाराच. मीही स्वतःला हेच विचारलं. हवा थंड होण्यामुळे पाणी चढत असेल, तर मेणबत्ती न लावताही ते चढलं पाहिजे. नाही का?

तर मेणबत्ती बाजूला ठेवा. एक काचेचा पेला अंघोळीच्या कडकडीत पाण्याने भरा. उकळतं पाणी घालू नका, काच तडकते. दोन मिनिटं थांबा, पाणी झटकन ओतून द्या आणि तो गरम पेला लगेच ताटलीतल्या गार निळ्या पाण्यात उपडा ठेवा. मोठ्या माणसाने फडक्याने धरून केलं तर उत्तम. आता बघत बसा.

पाणी चढतं! मेणबत्तीएवढं नाही, पण स्पष्ट दिसेल इतकं चढतं. इथे जाळायला काही नाही, ऑक्सिजन खाणारं कुणी नाही, तरी पाणी चढलं. त्या रात्री ओट्यापाशी मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आमच्या घरच्यांना वाटलं, दूध उतू जाता जाता वाचलं.

पण मग तो ‘एक पंचमांश’ इतकी वर्षं कसा जुळत होता? त्यातच खरी फसगत आहे. ३० अंश सेल्सिअसची हवा ९० अंशांपर्यंत तापली तर ती सुमारे एक पंचमांशानेच फुगते. साधा पेला आणि साधी मेणबत्ती घेतली तर पाणी त्याच आसपास कुठेतरी चढतं, आणि आपल्याला हवा असलेला आकडा आपण त्यात बघतो. थोडं कमी चढलं तर मी म्हणायची, “पेला नीट ठेवला नाही.” थोडं जास्त चढलं तर काहीच म्हणायची नाही!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मेणबत्ती ऑक्सिजन वापरते, हे खरंच आहे. पण सगळा नाही. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझून जाते. (आपण उच्छ्वासातून सोडतो त्या हवेतही साधारण एवढा ऑक्सिजन शिल्लक असतो.) आणि जो ऑक्सिजन वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वाफेचं पाणी होऊन ती पेल्याच्या काचेवर धुक्यासारखी बसते, पण कार्बन डायऑक्साइड बराचसा तिथेच जागा अडवून असतो. त्यामुळे ऑक्सिजन संपल्यामुळे चढणाऱ्या पाण्याचा वाटा अगदी थोडा. मोठा वाटा हवा थंड होण्याचाच.

ही फसगत काही फक्त माझी नाही. हा प्रयोग २२०० वर्षांहून जुना आहे. बायझँटियमच्या फिलो नावाच्या ग्रीक यंत्रकाराने तो लिहून ठेवला. त्याचा तर्क असा होता की, पेल्यातल्या हवेचा काही भाग अग्नीत बदलतो आणि काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो. त्याला ऑक्सिजन ठाऊक नव्हता. ते नाव तर १८व्या शतकात फ्रान्सच्या लाव्हाझिएने दिलं. फिलोने पाणी चढताना पाहिलं, मीही पाहिलं, आणि दोघांनीही त्याला आपापल्या वहीतलं कारण चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हटलं, “काल तू बरोबर होतीस. मी चुकीचं शिकवत होते.” वर्ग एकदम चिडीचूप. मग मागून एकाने विचारलं, “मग वहीतलं खोडायचं का बाई?” मी म्हटलं, “खोडू नका. त्याच्या खाली आज जे दिसेल ते लिहा.” त्या दिवशी आम्ही एक, दोन, तीन मेणबत्त्या आणि गरम पेला असे चारही प्रयोग केले, पट्टी लावून पाणी मोजलं, आणि नवा तक्ता रंगवायला घेतला. मथळा त्या मुलीनेच सुचवला : ‘मेणबत्ती विझल्यावरच पाणी का चढते?’

प्रदर्शनात परीक्षक आले. तक्ता वाचून म्हणाले, “बाई, तुमच्या मुलांचं काहीतरी चुकलंय. हा ऑक्सिजनचा प्रयोग आहे.” मी तोंड उघडणार तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “सर, मेणबत्ती न लावता करून दाखवू का?” थर्मासात गरम पाणी होतंच. मी पेला धरला, तिने सांगितलं तसा उपडा ठेवला. परीक्षक वाकून बघत राहिले. म्हणाले, “परत करा.” परत केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच पेला हातात घेतला. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. आमचा नंबर आला नाही. पहिला नंबर ठिबक सिंचनाच्या प्रतिकृतीला मिळाला, आणि ती खरोखरच सुरेख होती. त्यांनी वहीत काय लिहिलं असेल, यावर मात्र आमची मुलं परतीच्या एसटीत सगळा रस्ताभर भांडत होती.

आता थोडं पालकांशी. प्रदर्शनानंतर एका मुलाचे वडील शाळेत आले. म्हणाले, “बाई, तुमचं सगळं ठीक आहे हो, पण परीक्षेत पोराने काय लिहायचं?” प्रश्न रास्त आहे, मार्क जातील ही भीती खोटी नाही. मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. ‘हवेत ऑक्सिजन किती?’ असा प्रश्न आला तर उत्तर सुमारे २१ टक्के, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश, हेच आहे. ते बदललेलं नाही. बदललं आहे ते एवढंच, की मेणबत्तीचा पेला त्याचा पुरावा नाही. आणि ‘पाणी का चढले?’ असं विचारलं तर मुलाने हवा तापली, फुगली, निवली, आकसली हे लिहावं. त्याला मार्क कमी पडले तर वही घेऊन शिक्षकांना भेटा, भांडायला नव्हे, ताटली आणि पेला बरोबर घेऊन! आणखी एक. घरी मूल प्रयोग करताना कारण तुम्ही आधी सांगू नका. तुम्हाला येत असलं तरी. मी सात वर्षं आधीच सांगत होते.

ते वडील जाता जाता म्हणाले, “मग एक पंचमांशाचा खरा पुरावा कुठाय?” हा प्रश्नही सोडला नाही. लेथच्या कारखान्यातून मूठभर बारीक लोखंडी कीस आणला. त्याला लागलेलं तेल साबणाने धुऊन काढलं. एका बाजूने बंद असलेली १५ सेंटिमीटर लांबीची सरळ काचेची नळी आतून ओली केली, कीस आत टाकून हलवला, तो काचेला चिकटून बसला. मग नळी पाण्याच्या वाटीत उपडी उभी केली आणि वर्गाच्या खिडकीत ठेवून दिली. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचा गंज होतो. गंज घन असतो, म्हणून ऑक्सिजनच्या जागी दुसरा वायू तयार होत नाही. इथे ज्योत नाही, त्यामुळे हवा तापायचीही भानगड नाही. तरी ऊन-सावलीने फरक पडू नये म्हणून आम्ही रोज प्रार्थनेनंतर, एकाच वेळी, पट्टीने मोजायचो.

यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही, आधीच सांगते. सोमवारी काहीच दिसलं नाही. मंगळवारी थोडं पाणी वर आलं. कीस तांबूस झाला. रोज इतकुसं, इतकुसं. शनिवारी पाणी ३ सेंटिमीटरच्या खुणेपाशी आलं. १५पैकी ३! पुढचा आठवडाभर आम्ही मोजत राहिलो, पण ते तिथेच थांबलं, मुंगीएवढंही पुढे सरकलं नाही. नळीत उरलेली हवा गंजायला उपयोगी नव्हती, तो बहुतेक नायट्रोजन. मेणबत्तीच्या पेल्यात अर्ध्या मिनिटात जे सिद्ध होतंसं वाटत होतं, ते इथे सहा दिवस लागून झालं. खिडकीतली ती नळी अजून आहे. तिच्यातला कीस आता विटकरीसारखा लाल झालाय.

तर मुलांनो, या आठवड्याचा अभ्यास. एक उंच आणि एक बुटकी अशा दोन मेणबत्त्या शेजारी शेजारी पेटवायच्या (मोठं माणूस शेजारी!) आणि दोघींवर मिळून एकच मोठी काचेची बरणी उपडी ठेवायची. आधी कोणती विझेल? उंच, बुटकी, की दोन्ही एकदमच? तुमचा अंदाज आणि त्याचं कारण काडी ओढायच्या आधी वहीत लिहा. नंतर लिहिलेलं चालणार नाही. मग जे दिसेल ते त्याच्या खाली लिहा, अंदाज चुकला तर तो खोडू नका, आणि दोन्ही मला पत्राने कळवा. आमच्या वर्गात ३४ जणांपैकी २९ जणांचा अंदाज चुकला होता. बाईंचा धरून ३०.